२१० मध्ये १ म्हणजे नेमके किती?

प्रश्न : माझे वय ३३ असून हे माझे पहिलेच गरोदरपण आहे. आता १४ आठवडे पूर्ण झाले आहेत. एनटी सोनोग्राफीत सगळे ठीक असल्याचे सांगितले गेले, एनटी (बाळाच्या मानेमागच्या द्रवाची जाडी) १.४ मिलिमीटर, बाळाची लांबी ६२ मिलिमीटर आणि नाकाचे हाड दिसते, असे अहवालात आहे. पण डबल मार्करच्या रक्ततपासणीनंतर डाउन सिंड्रोमची जोखीम २१० मध्ये १ आली आणि तिच्यापुढे लाल अक्षरांत ‘हाय रिस्क’ छापलेले आहे. पॅप-ए ०.४० आणि फ्री बीटा एचसीजी २.३ असे आकडे आहेत. डॉक्टरांनी एनआयपीटी (आईच्या रक्ताची चाचणी) किंवा ॲम्निओसेंटेसिस (सुईने गर्भजल काढून केलेली तपासणी) यांपैकी एक करून घ्यायला सुचवले आहे. यजमान म्हणतात, दुसऱ्या लॅबमध्ये तीच तपासणी पुन्हा करून पाहू. सासूबाई म्हणतात, पोटात सुई घालू द्यायची नाही. सुरुवातीच्या दिवसांत मला ताप होता, गोळ्या घेतल्या होत्या, प्रवासही केला होता. त्यामुळेच हे झाले का, हा विचार रात्रभर झोपू देत नाही. माझा रक्तगट बी निगेटिव्ह आणि यजमानांचा ओ पॉझिटिव्ह आहे, त्याचा याच्याशी काही संबंध असेल का? मी काय करावे?
— एक होणारी आई

उत्तर :

तुमच्या शेवटच्या प्रश्नांआधी मी त्या रात्रभर छळणाऱ्या विचाराला उत्तर देते, कारण त्याचे उत्तर सर्वांत स्पष्ट आहे. तुमच्या तापामुळे, गोळ्यांमुळे किंवा प्रवासामुळे बाळाला डाउन सिंड्रोम होऊ शकत नाही. या स्थितीत पेशींमध्ये २१ व्या क्रमांकाचे गुणसूत्र दोनऐवजी तीन असते, आणि ते जास्तीचे गुणसूत्र बहुतेक वेळा स्त्रीबीज पक्व होताना, म्हणजे गर्भ राहण्याच्याही आधी, वाटणीत झालेल्या चुकीमुळे येते. स्त्रीच्या अंडाशयातली बीजे ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार झालेली असतात आणि त्यांचे विभाजन अर्ध्यावर थांबून वर्षानुवर्षे तसेच राहते. वय वाढते तशी ही वाटणी चुकण्याची शक्यता वाढते, एवढाच वयाचा संबंध. तुम्ही गरोदर राहिल्यानंतर काय केले आणि काय केले नाही, याचा त्यात काडीमात्र वाटा नाही. तापात घेतलेल्या गोळ्यांची नावे डॉक्टरांना जरूर सांगा, पण ती वेगळी बाब आहे आणि ती या अहवालाशी जोडू नका.

आता तो लाल अक्षरांतला शब्द. मी गेली अनेक वर्षे प्रयोगशाळेत असे अहवाल तपासून त्यांवर सही करणारी डॉक्टर आहे आणि मला मनापासून वाटते की ‘हाय रिस्क’ हे शब्द इतके मोठे छापले जाऊ नयेत. तुमचा आकडा आहे २१० मध्ये १. तुमच्यासारखाच अहवाल हातात घेतलेल्या २१० गरोदर स्त्रिया एका सभागृहात बसल्या आहेत, असे समजा. त्यांपैकी २०९ जणींच्या बाळाला डाउन सिंड्रोम नाही. एकीच्या बाळाला आहे. शेकड्याच्या हिशेबात ही शक्यता अर्ध्या टक्क्याहूनही किंचित कमी भरते. अनेक प्रयोगशाळांनी २५० मध्ये १ ही रेघ ठरवलेली असते. तुमचा आकडा त्या रेघेच्या या बाजूला आला, म्हणून शब्द बदलला. २६० मध्ये १ आला असता तर ‘लो रिस्क’ छापून आले असते आणि तुम्ही निवांत झोपला असता, जरी त्या दोन आकड्यांत प्रत्यक्ष फरक फारच थोडा आहे.

ही चाचणी मुळात चाळणी आहे, निदान नाही. तिला बाळ दिसतच नाही. तिला दिसतात तुमच्या रक्तातली दोन द्रव्ये, जी मुख्यतः वारेतून येतात. डाउन सिंड्रोम असलेल्या गर्भांत या टप्प्यावर पॅप-ए सरासरीने निम्म्यावर येते आणि फ्री बीटा एचसीजी सुमारे दुप्पट होते, असे आढळल्यामुळे या दोन आकड्यांना एनटीच्या मापाची आणि आईच्या वयाची जोड देऊन संगणक एक शक्यता काढतो. ही एकत्रित चाचणी डाउन सिंड्रोमच्या शंभर गर्भांपैकी साधारण ८५ ते ९० ओळखते. पण ते साधण्यासाठी निरोगी गर्भ असलेल्या शंभर स्त्रियांमधल्या सुमारे ५ जणींनाही ती ‘जास्त जोखीम’ असे सांगते. तुम्ही त्या पाचांपैकी असण्याचीच शक्यता खूप मोठी आहे.

अहवालातले ०.४० आणि २.३ हे आकडे कसे येतात, तेही सांगायला हवे, कारण एक चूक इथेच लपून बसू शकते. तुमच्या रक्तातले प्रमाण त्याच दिवसांच्या गर्भारपणातल्या इतर स्त्रियांच्या मध्यमानाशी ताडून पाहतात; बरोबर मध्यावर असेल तर १, निम्मे असेल तर ०.५. पॅप-ए या काळात दर आठवड्याला झपाट्याने वाढते आणि फ्री बीटा एचसीजी उतरत जाते. म्हणजे गर्भाचे वय अर्जावर प्रत्यक्षापेक्षा जास्त लिहिले गेले तर काय होईल? पॅप-ए उगाचच कमी भासेल, एचसीजी उगाचच जास्त भासेल, आणि नेमके डाउन सिंड्रोमसारखे चित्र उभे राहील.

माझ्या टेबलावर एकदा असाच अहवाल आला होता. जोखीम बरीच जास्त होती. सही करण्यापूर्वी मी नमुन्यासोबतचा अर्ज मागवला, तर गर्भाचे वय शेवटच्या पाळीच्या तारखेवरून लिहिलेले होते आणि खाली त्याच हस्ताक्षरात ‘पाळी अनियमित’ अशी नोंद होती. सोबत जोडलेल्या सोनोग्राफीच्या कागदावर बाळाची लांबी पाहिली, तेव्हा वय ९ दिवसांनी कमी भरत होते. तारीख दुरुस्त करून गणित पुन्हा मांडल्यावर जोखीम रेघेच्या कितीतरी खाली गेली. नळीतले रक्त तेच होते आणि यंत्राने दिलेले आकडेही तेच होते.

म्हणून उद्या सकाळी पहिले काम हे करा : अहवालावर छापलेले गर्भाचे वय, तुमचे वजन, जन्मतारीख, गर्भ एक की जुळा, मधुमेह किंवा धूम्रपान आहे की नाही, या नोंदी एकेक करून वाचा. ६२ मिलिमीटर लांबीचे बाळ साधारण साडेबारा आठवड्यांचे असते. अहवालावरचे वय, सोनोग्राफी आणि रक्त वेगवेगळ्या दिवशी झाले असल्यास तेवढा फरक धरून, याच्याशी जुळले पाहिजे. वजनही महत्त्वाचे आहे, कारण शरीर मोठे असेल तर तीच द्रव्ये जास्त रक्तात विरळ होतात आणि गणितात ती दुरुस्ती करावी लागते. काही चुकले असेल तर प्रयोगशाळेला दाखवा. नवीन रक्त न घेता ते गणित पुन्हा करून देतील. पण सगळ्या नोंदी बरोबर असतील तर हा आकडा खरा माना. चूक सापडेलच, या आशेवर पुढचे दिवस घालवू नका.

यजमानांचे म्हणणे काळजीतूनच आलेले आहे, पण ते ऐकू नका. तीच चाळणी दुसऱ्या ठिकाणी लावली तर थोडा वेगळा आकडा येईल. तो १९० मध्ये १ आला तर भीती वाढेल आणि ३०० मध्ये १ आला तर कोणत्या कागदावर विश्वास ठेवायचा, हा नवा पेच. काही जण अशा वेळी पुढच्या महिन्यात क्वाड्रुपल मार्कर (आईच्या रक्तातली चार द्रव्ये मोजणारी चाचणी) करून पाहा, असेही सुचवतात. त्यातले एचसीजी हे बहुतांशी त्याच गोष्टीचे दुसऱ्यांदा घेतलेले माप असते. शिवाय ती चाचणी तुम्ही आता केलेल्या एकत्रित चाचणीपेक्षा कमीच गर्भ ओळखते. अधिक भरड चाळणीतून पुन्हा चाळून हाती काही लागत नाही, आणि मोलाचे आठवडे जातात.

मग उरतात ते दोनच मार्ग, जे तुमच्या डॉक्टरांनी सांगितले आहेत. ते दोन्ही एकाच जातीचे नाहीत, आणि ही गोष्ट बहुतेकांना कोणी समजावून सांगत नाही.

एनआयपीटी हीसुद्धा चाळणीच आहे, पण फार बारीक छिद्रांची. गरोदर स्त्रीच्या रक्तद्रवात गर्भाच्या डीएनएचे तुकडे तरंगत असतात, हे संशोधक डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली दाखवले आणि २०११ पासून ही चाचणी प्रत्यक्ष वापरात आली. हे तुकडे खरे तर वारेच्या पेशींचे असतात. दहाव्या आठवड्यानंतर आईच्या रक्तातल्या अशा तुकड्यांपैकी साधारण दहावा भाग त्यांचा असतो, बाकीचे सगळे आईचे. प्रयोगशाळेत ते वेगळे काढत नाहीत. लाखो तुकडे वाचून कोणता कोणत्या गुणसूत्राचा, हे मोजतात. समजा, एकूण तुकड्यांत २१ व्या गुणसूत्राचे शेकडा १.३ आहेत. बाळाला ते गुणसूत्र एक जास्तीचे असेल, तर हा वाटा १.३ वरून १.३७ च्या आसपास जातो. एवढासा फरक पकडण्यासाठी लाखोंनी मोजावे लागते. वारेचा वाटा फारच कमी, चारेक टक्क्यांच्या खाली असेल, तर पुष्कळ प्रयोगशाळा उत्तरच देत नाहीत. आईचे वजन जास्त असताना हे अधिक वेळा घडते.

डाउन सिंड्रोमच्या बाबतीत ही चाचणी शंभरातले ९९ गर्भ ओळखते आणि हजारात एखाद्याच निरोगी गर्भाला चुकीने पकडते. हे ऐकून अनेकांना वाटते की आता निकाल म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तसे नाही, आणि का नाही, हे तुमच्याच आकड्यावरून पाहू. तुमच्यासारख्या २१,००० स्त्रिया घ्या. त्यांपैकी १०० जणींच्या गर्भाला डाउन सिंड्रोम असेल, त्यांतले ९९ पकडले जातील. उरलेल्या २०,९०० निरोगी गर्भांपैकी, हजारी एक धरले तर, सुमारे २१ चुकून पकडले जातील. म्हणजे एकूण १२० जणींना ‘पॉझिटिव्ह’ असे उत्तर मिळेल आणि त्यांतल्या साधारण २१ जणींची बाळे निरोगी असतील. सहांतली एक, असे म्हणा. मुळात जोखीम हजारात एक असलेल्या तरुण स्त्रीच्या बाबतीत हाच हिशेब मांडला, तर पॉझिटिव्ह निकालांपैकी जवळपास निम्मे चुकीचे निघतात. कधीकधी वारेच्या काही पेशींत दोष असतो आणि बाळात तो नसतोच, हेही त्याचे एक कारण आहे. उलट बाजूने मात्र हा निकाल फार दिलासा देणारा आहे : तो चांगला आला, तर त्या २१,००० स्त्रियांमध्ये चुकून सुटलेले बाळ एकच असेल.

ॲम्निओसेंटेसिस हे निदान आहे. पंधरा आठवडे पूर्ण झाल्यानंतर, सोनोग्राफीच्या पडद्यावर सुईचे टोक आणि बाळ दोन्ही सतत पाहत, बाळापासून दूरच्या पाण्यात एक बारीक सुई नेतात आणि १५ ते २० मिलिलिटर गर्भजल काढतात. आमच्याकडे येते ती फिकट पिवळ्या पाण्याने भरलेली सिरिंज, जी पाहून कोणालाही विश्वास बसणार नाही की तिच्यात बाळाच्या त्वचेवरून आणि मूत्रमार्गातून सुटलेल्या जिवंत पेशी आहेत. वाटेत आईच्या पेशी मिसळल्या असतील म्हणून सुरुवातीचा एखाद-दोन मिलिलिटर भाग बाजूला ठेवतात. पेशी उबदार पेटीत वाढवल्या जातात, मग सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रे मोजली जातात : ४६ की ४७. याला साधारण दोन आठवडे लागतात. जलद पद्धतीने २१, १८ आणि १३ या तीन गुणसूत्रांपुरते उत्तर दोन-तीन दिवसांतही मिळते. काढलेले पाणी बाळ स्वतःच थोड्या काळात भरून काढते, कारण या दिवसांत ते पाणी मुख्यतः त्याच्याच लघवीतून तयार होत असते.

सासूबाईंना वाटणारी भीती निराधार नाही, हे मी मान्य करते. सुईमुळे गर्भपात होऊ शकतो. पूर्वी ही शक्यता शंभरात एक किंवा दोनशेत एक सांगितली जाई. नंतरच्या मोठ्या एकत्रित अभ्यासांत, अनुभवी हातांनी केलेल्या तपासणीत, ती हजारात एक ते तीन इतकी खाली आलेली दिसते. त्यांना पुढच्या भेटीला सोबत न्या. सुई बाळाला टोचत नाही, ती कुठे जाते ते सतत पडद्यावर दिसत असते, हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकले तर घरातला ताण निश्चित कमी होईल. मात्र शरीर तुमचे आहे आणि शेवटचा होकार किंवा नकार तुमचाच.

तुम्ही विचारले आहे, म्हणून माझे मत स्पष्ट सांगते. एनटी १.४ मिलिमीटर आहे, नाकाचे हाड दिसते, जोखीम रेघेच्या जवळच आहे आणि हातात वेळ आहे. अशा स्थितीत आधी एनआयपीटी करणे मला योग्य वाटते. तिचे उत्तर साधारण एक ते दीड आठवड्यात येते, म्हणजे ते चांगले आले नाही तरी ॲम्निओसेंटेसिससाठी योग्य असाच काळ असेल. ते पॉझिटिव्ह आले, तर ॲम्निओसेंटेसिसने खात्री केल्याशिवाय, आणि हे मी अत्यंत आग्रहाने लिहीत आहे, परत फिरता येणार नाही असा कोणताही निर्णय घेऊ नका. एनटी ३.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त असती, किंवा सोनोग्राफीत बाळाच्या रचनेत काही दोष दिसला असता, तर मी थेट ॲम्निओसेंटेसिसच सुचवले असते, कारण तेव्हा एनआयपीटीला न दिसणाऱ्या इतर गुणसूत्रदोषांचाही विचार करावा लागतो. आणि ‘जवळजवळ खात्री’ तुम्हाला पुरणार नसेल, शंकेसोबत पुढचे पाच महिने काढणे अशक्य वाटत असेल, तर आताच ॲम्निओसेंटेसिस निवडणेही तितकेच रास्त आहे.

तिसरा मार्ग कोणी उच्चारत नाही : पुढे काहीच न तपासणे. उत्तर काहीही आले तरी हे बाळ आम्हाला हवेच आहे, असे तुम्ही दोघांनी ठरवले असेल, तर चाचणीला नकार देण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. तरीही अशा काही जोडप्यांना आधी कळलेले बरे वाटते, कारण डाउन सिंड्रोम असलेल्या जवळपास निम्म्या बाळांच्या हृदयात दोष असतो आणि तो आधी समजला, तर प्रसूती कुठे करायची आणि त्या वेळी कोणते तज्ज्ञ हजर हवेत, हे ठरवता येते. तेव्हा ‘कोणती चाचणी’ याच्या आधी ‘उत्तर कळल्यावर आपण काय करणार’ यावर तुम्ही दोघे एक संध्याकाळ शांतपणे बोला.

एनआयपीटी चांगली आली तरी अठरा ते बावीस आठवड्यांच्या दरम्यानची ॲनॉमली सोनोग्राफी टाळू नका. पाठीचा कणा नीट मिटला आहे का, हृदयाचे कप्पे कसे आहेत, हे गुणसूत्रे मोजून कळत नाही.

तुमच्या अहवालात आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे लाल अक्षरांमुळे कोणाचेच लक्ष गेले नसावे. पॅप-ए ०.४० म्हणजे कमी आहे. बाळाची गुणसूत्रे अगदी बरोबर असली, तरी वारेची बैठक कमकुवत असल्याची ती खूण असू शकते, आणि पुढे बाळाची वाढ मंदावणे किंवा आईचा रक्तदाब वाढणे यांची शक्यता थोडी वाढते. यावर करण्यासारखे आहे. डॉक्टरांना विचारा की शेवटच्या तीन महिन्यांत वाढीसाठी जादा सोनोग्राफी लागतील का, आणि माझी एकूण जोखीम पाहता कमी मात्रेची ॲस्पिरिन सुरू करावी का. ती द्यायचीच असेल तर सोळा आठवड्यांच्या आत सुरू केलेली चांगली, म्हणून हा प्रश्न याच भेटीत विचारा. स्वतःहून मात्र गोळी घेऊ नका.

नेहमीच्या तपासण्यांकडेही या गडबडीत दुर्लक्ष होऊ देऊ नका. हिमोग्लोबिन, थॅलेसेमियाच्या वाहकपणाची तपासणी, सिफिलिस, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि २४ ते २८ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन केलेली साखरेची तपासणी यांना कोणी घाबरत नाही आणि कोणी त्यांच्याविषयी पत्रही लिहीत नाही. पण बाळाला वाचवणारे उपाय बहुतांशी यांच्याच निकालांवर सुरू होतात. आईचा सिफिलिस वेळेत कळला तर पेनिसिलिनने बाळाचा संसर्ग टाळता येतो. आईला हिपॅटायटिस बी असल्याचे माहीत असेल तर जन्मानंतर काही तासांतच बाळाला लस आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडे) देता येते.

राहिला रक्तगट. डाउन सिंड्रोमशी त्याचा काहीही संबंध नाही, पण तो प्रश्न तुम्ही विचारलात हे फार चांगले केलेत. तुम्ही निगेटिव्ह आणि यजमान पॉझिटिव्ह, म्हणजे बाळ पॉझिटिव्ह असू शकते. त्याच्या रक्ताचे काही थेंब तुमच्या रक्तात मिसळले तर तुमचे शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू शकते, ज्यांचा त्रास मुख्यतः पुढच्या बाळाला होतो. अशी प्रतिपिंडे तयार झाली आहेत का, हे सांगणारी इनडायरेक्ट कूम्ब्स ही साधी रक्ततपासणी झाली आहे का, ते फाइलमध्ये पाहा. ती निगेटिव्ह असेल, तर सुमारे २८ व्या आठवड्यात आणि बाळ पॉझिटिव्ह असल्यास प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत, ही प्रतिपिंडे तयार होऊ न देणारे अँटी-डीचे इंजेक्शन घ्यावे लागते. ॲम्निओसेंटेसिस झाली तर त्यानंतरही ७२ तासांच्या आत ते घ्यायचे असते, आणि पोटाला मार लागला किंवा रक्तस्राव झाला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचे. तपासणीच्या दिवशी टेबलावर झोपण्यापूर्वीच आपला रक्तगट स्वतःच्या तोंडाने सांगा, आणि आजच फाइलच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत ‘बी निगेटिव्ह’ असे लिहून ठेवा.